इंगाची जलसमाधी

माशांना कान असतात, आणि ज्याला हे सत्य उमगलं त्याच्या ताटात मासळीला तोटा नाही, असं वेंडेल हाउगेन सांगायचा तेव्हा त्याचा चेहरा मृत्युपत्र वाचणाऱ्या वकिलासारखा व्हायचा. वेंडेलच्या ताटातली मासळी दुकानातून यायची. गोठवलेली. चौकोनी!

या सत्याची कसोटी लागली ती सासऱ्याच्या वाढदिवसाला. सिगर्ड म्हातारा उत्तर मिनेसोटातल्या तळ्याकाठी एकटा राहायचा. लेकीच्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्याने जावयाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा नाही! समोर असला तर "ए कार्लाच्या!" आणि नसला तर "कार्लाचा नवरा". ज्याला साधा मासा धरता येत नाही त्याला नाव हवंय कशाला, असा त्याचा सरळ हिशेब.

यंदा गुडघा धरला म्हणून म्हातारा आठवडाभर लेकीकडे शहरात आला होता. वाढदिवस मात्र शनिवारी तळ्यावरच!

"शनिवारी बाबांच्या ताटात मी धरलेला मासा पडणार," वेंडेलने बायकोला बजावलं. "आणि त्यांच्या तोंडून माझं नाव!"

"आधी माशाच्या तोंडात गळ जाऊ दे," कार्ला म्हणाली. "आणि माझा झोपेचा डबा कुठंय?"

झोपेचा डबा म्हणजे उशाशी ठेवायचं यंत्र. बटण दाबलं की झऱ्याचा खळखळाट सुरू. कार्ला त्यावर गाढ झोपायची. वेंडेलला रात्रभर लघवीला लागायची. अशाच एका फेरीत त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. झरा तळ्यात पडतो तिथे मासे जमतात. मग झराच उचलून नेला तर?

त्याने तो नेलाही होता. म्हाताऱ्याची होडी धक्क्याला बांधलेली होती, तिच्या तळाशी डबा ठेवून, बटण दाबून तो परत आला होता. होडीचं नाव इंगा. दिवंगत सासूबाईंचं. चार दिवस माशांच्या कानांना सवय होऊ दे, मग गळ टाकू!

शनिवारी सकाळी तो एकटाच पुढे गेला, आणि धक्क्यावर पोचून बघतो तर काय. होडीच्या जागी फांद्यांचा आणि चिखलाचा ढिगारा! त्यातून होडीचं टोक तेवढं वर, आणि त्यावरचं "इं". टोकावर एक बगळा उभा होता, वसुलीला आल्यासारखा. ढिगाऱ्यावर कासव ऊन खात होतं. आणि पलीकडून एक जाडजूड बीव्हर, तो फांद्यांचे बांध घालणारा प्राणी, दातांत फांदी धरून, कामाला उशीर झाल्यासारखा पोहत येत होता.

वाहतं पाणी ऐकलं की बीव्हरच्या डोक्यात एकच विचार येतो: गळतंय! बुजवा! हे वेंडेलला शाळेपासून माहीत होतं. आठवलं आत्ता.

तो कमरेपर्यंत पाण्यात उतरला आणि फांद्या उपसू लागला. चिखल जरा हलला तसा आतून आवाज आला. खळखळ! खळखळ! डबा अजून शाबूत होता! बीव्हरने शेपटी पाण्यावर फाट्‌कन आपटली, सुळकी मारली आणि दुप्पट चिखल आणून थापला. वेंडेल जितकं उपसे तितका झरा मोठ्याने वाजे, आणि झरा वाजला की आणखी दोन बीव्हर हजर! शेवटी त्याने फोन काढला.

"कार्ला, घात झाला! इंगा बुडाली!"

"आई? आईला जाऊन किती वर्षं झाली, वेंडेल!"

"आई नाही गं, होडी!"

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, "काय म्हणतोय कार्लाचा नवरा?"

"काही नाही बाबा," कार्ला गडबडली. "मासे... मासे खूप आहेत म्हणतोय!"

"मग बसलीस काय? गाडी काढ! आणि शेजाऱ्यांना सांग, गळ घेऊन या!"

दुपारपर्यंत धक्क्यावर अख्खी आळी जमली. म्हातारा काठी टेकत पुढे आला. त्याने "इं" पाहिलं. वेंडेलने डोळे मिटले.

तेवढ्यात खालच्या फांद्यांत काहीतरी चमकलं. मग शंभर ठिकाणी चमकलं. बुडालेल्या फांद्यांत पर्च माशांनी संसार थाटला होता!

"अरे, गळ द्या!" म्हातारा ओरडला. टाकला, खेचला, मासा! पुन्हा टाकला, मासा! सगळा धक्का किंचाळायला लागला. बादल्या संपल्या, टोप्या भरल्या. एकट्या वेंडेलच्या गळाला फांदी लागली.

"इंगा अशीच होती," तळलेल्या माशावर लिंबू पिळत म्हातारा म्हणाला. "बोलायची नाही. पण घरात मासळी कधी कमी पडू दिली नाही."

वेंडेल स्वयंपाकघरात कढया घासत होता. जीव कानात गोळा झाला होता. आता नाव घेतील. आता!

"वेंडेल!" धक्क्यावरून हाक आली. "अरे वेंडेल, ये!"

कढई हातातून सुटली. फेसाळ हातांनी तो धावत सुटला. "आलो, बाबा! आलो!"

म्हाताऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याने पाण्यात एक कोवळी फांदी टाकली. जाडजूड बीव्हर आला, फांदी घेऊन गेला.

"गुणी आहे," म्हातारा कार्लाला म्हणाला. "नाव काय ठेवावं सुचेना. मग म्हटलं, एक नाव वापराविना पडूनच आहे."

मग त्याला मागचं धापा टाकणं ऐकू आलं.

"ए कार्लाच्या, भांडी झाली का रे?"

भांडी झाली नव्हती.