नवव्या मजल्यावरची खिडकी

दुपारचा चहा बाहेर घ्यायचा, एवढंच ठरलं होतं. कुठे घ्यायचा यावर मात्र लिफ्ट तपासनीसाच्या घरात पंधरवडा खल झाला, आणि पुढे जे झालं ते विचारूच नका.

त्याची बायको ऑपरेशन थिएटरमधली नर्स. तिची ड्यूटी सुटायची तेव्हा याची लागायची. त्यामुळे नवराबायकोची गाठ पडायची ती दारात, एकाने चपला काढताना आणि दुसऱ्याने घालताना. झाकून ठेवलेला चहा गरम करून तो स्वयंपाकघरात एकटाच पीत बसे. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याला लग्नाआधीच्या दुपारी आठवत आणि जीव कासावीस होई. (खुर्चीशी दोन शब्द बोलूनही झाले होते. खुर्ची मनमिळाऊ निघाली नाही.)

अशात दोन आठवड्यांनंतरच्या एका शुक्रवारी दोघांचीही दुपार मोकळी असल्याचं ड्यूटीच्या तक्त्यांत निघालं.

"खिडकी असेल तिथे जाऊ," बायको म्हणाली. "थिएटरला खिडकीच नसते हो. बाहेर पाऊस पडला, हे मला पेशंटच्या नातेवाइकांच्या छत्र्या बघून कळतं. एकदा उंचावर बसून, शहर बघत चहा प्यायचाय. तुमच्याबरोबर."

त्या शेवटच्या शब्दाने तो पार विरघळला. पण विरघळला तरी तपासनीसच तो.

"ते मोठं हॉटेल?" तिने विचारलं.

"नको. त्यांच्या लिफ्टचा दोर मी पाहिलाय."

"मग मॉलच्या वरचं?"

"तिथला ब्रेक लागतो, पण त्याच्या मनात असलं तर."

"मग आपल्या गच्चीवर थर्मास घेऊन जाऊ."

आपल्या लिफ्टलाही त्यानेच नापास केलं होतं. सगळी इमारत तेव्हापासून जिना चढत होती आणि चढताना त्याचं नाव घेत होती.

शेवटी शहराच्या दुसऱ्या वॉर्डातल्या एका इमारतीत, नवव्या मजल्यावर एक टी-रूम सापडली. तिथली लिफ्ट त्याने कधी पाहिली नव्हती, म्हणजे तिच्याबद्दल वाईट असं काही ठाऊक नव्हतं. लोक जावईसुद्धा याच हिशेबाने पसंत करतात.

त्या शुक्रवारी बायको थेट हॉस्पिटलातून आधी पोचली. तो आला, लिफ्टमध्ये शिरला आणि आज काही ऐकायचं नाही असं त्याने कानांना बजावलं. तिसऱ्या मजल्याशी हिसका बसला. वर काहीतरी खरखरलं. त्याला वाटलं, जाऊ दे, आधी चहा पिऊ, मग बघू. पण चहा पिऊन बायको याच लिफ्टने खाली येणार होती. त्याने मुकाट्याने तळमजल्याचं बटण दाबलं, खाली येऊन वीज तोडायला लावली आणि दारावर सील चिकटवलं. (सीलची पट्टी खिशात होतीच. रुमाल विसरला होता.)

फोन वाजला.

"अहो, खिडकीपाशी जागा मिळालीय. कुठे आहात?"

"खाली. लिफ्ट बंद आहे."

"कोणी बंद केली?"

त्याने घसा खाकरला. बायको काय ते समजली.

"मग जिन्याने या."

"येता येत नाही. सील लावणाऱ्याने मेकॅनिक येईपर्यंत दार नजरेआड करायचं नाही, असा नियम आहे."

हा नियम कचेरीत त्यानेच सुचवला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

"मग मीच उतरते."

"नको गं. तू खिडकी सोडू नकोस. मी समोरच्या टपरीवर चहा घेतो, तिथून दार दिसतं. फोन चालू ठेव. दोघं एकदमच पिऊ."

ती हळूच म्हणाली, "बरं."

टपरीच्या पत्र्याखाली उभा राहून तो चहा पिऊ लागला. कानाशी बायकोचा आवाज होता. कुठल्याशा गच्चीवर चादरी वाळत होत्या, कुठे पाण्याच्या टाकीवर कबुतरं बसली होती, सगळं ती सांगत होती. इतकं ती गेल्या कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. आपण तिच्या शेजारी असायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं.

"आणि तुम्हीपण दिसताय," ती म्हणाली. "खांबाजवळ. वरून किती बारीक दिसता हो. हात हलवा ना."

त्याने पोट आत घेतलं आणि हात हलवला.

"दिसला. लग्नाआधी हॉस्पिटलच्या फाटकाशी अस्सेच उभे राहायचात. वर बघत." तिचा आवाज ओला झाला. "मला फार आवडायचं ते. कधी बोलले नाही."

तो काही बोलणार, इतक्यात ती म्हणाली, "पण ही टोपी कधी घेतलीत? छान दिसते तुम्हाला."

त्याने डोक्यावरून हात फिरवला. टोपी नव्हती. त्याने वर पाहिलं. वर टपरीचा पत्रा होता. मग त्याने डोकं बाहेर काढून खांबाकडे पाहिलं. तिथे टोपी घातलेला एक सडपातळ गृहस्थ मान वर करून नवव्या मजल्याकडे मनापासून हात हलवत होता.

"पुरे आता, लोक बघतायत," फोनमध्ये बायको लाजून म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच अशी लाजली होती, आणि तेही त्या गृहस्थाला बघून.