डावीकडे वळणारे खांबेटे

खांबेट्यांची मी सर्वांत आधी पाहिली ती पावलं. सकाळी बँकेत जायला निघाले, तर माझ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत पांढरेस्वच्छ मोजे, आणि चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या, जणू गाडीखाली कुणाचं देवघर आहे. मी ओरडणार, एवढ्यात खालून आवाज आला, "वहिनी, तुमच्या गाडीच्या चाकापाशी धक्के झेलणारा एक रबर बुश गेलाय. काल फाटकातून आत आलात तेव्हाच ऐकलं. मला झोप नाही लागली."

"आपण कोण?"

"खांबेटे. समोरच्या व्हिलात वरच्या मजल्यावर राहायला आलोय."

आम्ही मराठी आहोत हे त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी मी माझ्या लेकीला, सईला जेवायला हाक मारली होती. अबुधाबीच्या आमच्या खलिफा सिटीतच काय, पार शारजापर्यंत कळलं असणार. नवे शेजारी साखर मागायला येतात, एवढंच मला ठाऊक होतं. हे निदान करायला आले होते.

खांबेटे पुण्याचे. इंजिनिअर. तरुणपणी अमेरिकेला गेले आणि तिथे स्टॉक कार रेसिंगच्या एका टीममध्ये लागले. स्टॉक कार म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला गणपतीच्या जेवणात समजावून सांगितलं. ताटाच्या काठावरून एक मोदक गोल गोल फिरवत ते म्हणाले, "दिसायला साधी गाडी. रस्ता असा अंड्यासारखा. काठ वर उचललेला. आणि फक्त डावीकडे वळायचं."

"आणि मग?" माझ्या नवऱ्याने, प्रसादने विचारलं.

"मग परत डावीकडे."

वीस-बावीस वर्षं या गृहस्थांनी गाडी डावीकडे अधिक जोरात कशी वळेल याचा विचार केला. माणसाला एवढं एकाग्र होता आलं पाहिजे. आमच्या इथल्या मराठी मंडळात सत्यनारायणाची तारीखही एका बैठकीत ठरत नाही.

मोदक त्यांनी शेवटी खाल्ला. मी सवयीने विचारलं, "कसा झालाय?" तर म्हणाले, "मत नको वहिनी, डेटा बघा. हा चौथा." हे त्यांचं पालुपद. कुणाला काहीही वाटलेलं त्यांना चालत नसे. सईला एकदा ताप वाटत होता, तर तिलाही त्यांनी थर्मामीटर आणायला पाठवलं. "ही इज सो अनॉइंग, मम्मा," सई म्हणाली, आणि थर्मामीटर घेऊन आली.

अबुधाबीत त्यांचं काम म्हणजे बाजारात न आलेल्या गाड्या उन्हात तपासणं. जुलै-ऑगस्टमध्ये, शहाणी माणसं मुलाबाळांना घेऊन भारतात पळतात तेव्हा, हे वाळवंटात जायचे. दुपारी गाडी उन्हात उभी करायची, काचा बंद, ती आतून भट्टीसारखी झाली की आत जाऊन बसायचं आणि एसी किती वेळात माणसात आणतो ते बघायचं. आम्ही याला खुळेपणा म्हणतो. त्यांची कंपनी याला पगार देते.

त्यांच्या ज्ञानाचा आम्हाला फायदा काय? प्रसादने हौसेने शारजातल्या एकाकडून मोठी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह आणली. खांबेटे एक फेरी मारून आले, किल्ली हातात दिली आणि म्हणाले, "प्रसादराव, गाडी उत्तम आहे. विकून टाका." प्रसाद त्यांच्याशी आठवडाभर बोलला नाही. नंतर बोलला, कारण गाडी विमानतळाच्या रस्त्यावर बंद पडली होती आणि दुसऱ्या कुणाचा फोन लागत नव्हता.

टॅक्सीत त्यांच्याबरोबर बसायचा प्रसंग माझ्यावर एकदाच आला. थोडं पुढे गेल्यावर ते ड्रायव्हरला म्हणाले, "भाई, पीछे बाएँ टायर में हवा कम है."

"कोई बात नहीं साब, पहुँच जाएँगे."

"पहुँचेंगे तो सही. लेकिन कहाँ?"

त्याने गाडी बाजूला घेतली आणि आम्हाला उतरवलं. आम्ही उन्हात उभे. खांबेटे समाधानाने त्या टायरकडे बघत होते.

एवढा मोठा माणूस एकटा का राहतो, यावर मंडळातल्या बायकांचं संशोधन चालूच होतं. शेवटी एकमताने ठरलं की बायको पळून गेली असणार, आणि उजवीकडे पळाली असणार, म्हणजे हे मागे जाऊ शकले नसतील. खांबेटे स्वतः या विषयावर काही बोलत नसत. डेटा नाही म्हटल्यावर मतांना ऊत आला.

मग जानेवारीत माझी आई नाशिकहून आमच्याकडे आली आणि आल्या आल्या बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी न्यायची वेळ आली तेव्हा हॉस्पिटलने अँब्युलन्स देऊ केली. आई म्हणाली, "अँब्युलन्समधून घरी येतात ती माणसं वेगळी. मी गाडीतून येईन." तोवर नुसता पलंग हलला तरी ती ओठ आवळून डोळे मिटायची. आणि खलिफा सिटीतले स्पीडब्रेकर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी काय सांगू? एका गल्लीत जेवढे आहेत तेवढ्यात नाशिकचं भागलं असतं.

खांबेट्यांना कळलं तसे ते हॉस्पिटलमध्ये हजर. फुलं नाहीत, फळं नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि आईला म्हणाले, "काकू, खालून वर धक्का बसला की जास्त दुखतं, की गाडी बाजूला कलली की?"

आईने त्यांना नीट न्याहाळलं. "तू डॉक्टर का?"

"नाही. गाड्यांचा आहे."

"तरीच. डॉक्टर एवढं विचारत नाहीत." आणि तिने त्यांना सगळं सांगितलं, मला न सांगितलेलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बँकेतून परतताना आमच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली. सगळे हॉर्न देत होते. पुढे खांबेट्यांची गाडी, चारही दिवे लुकलुकत, गोगलगाईला लाजवेल अशी चाललेली. पुढच्या सीटवर उशीला टेकून, पाय लांब करून, माझा नवरा. तेल कंपनीतला सीनिअर मॅनेजर. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो तोंड वेडंवाकडं करून काहीतरी सांगत होता आणि खांबेटे मान डोलावत होते.

संध्याकाळी प्रसाद घरी आला तो रागानेच. "मला काढून टाकलं."

"का?"

"म्हणे, काकूंच्या मानाने वजन फार आहे, डेटा चुकतोय. आता सईला बसवलंय."

सई अंधार पडल्यावर आली. "मम्मा, वी डिड द होल रूट फ्रॉम द हॉस्पिटल. अगेन अँड अगेन. ही इज टोटली मॅड," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बट ॲट द एंड आय कुडन्ट फील अ थिंग."

डिस्चार्जच्या दिवशी खांबेट्यांनी टायरमधली हवा थोडी काढली होती आणि सीटवर स्वतः कापलेला फोम घातला होता. आई पुढे बसली, मी मागे. ती दाराचं हँडल घट्ट धरून होती. पहिला स्पीडब्रेकर आला. आईने डोळे मिटले. गाडी होडीसारखी वर गेली, खाली आली. आईने डोळे उघडून विचारलं, "झाला?"

"झाला, काकू."

मागून एका भल्यामोठ्या गाडीने दिवे फ्लॅश केले, काच खाली करून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, झालं. एरवी मागच्या गाडीचं इंजिन कसं वाजतं यावर व्याख्यान देणारे खांबेटे आज फक्त पुढचा रस्ता बघत होते. तिसऱ्या की चौथ्या स्पीडब्रेकरनंतर आईचा हात हँडलवरून मांडीवर आला. वळणावर पाहिलं तर तिला झोप लागली होती. ऑपरेशननंतर गोळीशिवाय प्रथमच.

घरापाशी त्यांनी गाडी झाडाच्या सावलीत उभी केली. इंजिन चालू ठेवलं. मी आईच्या खांद्याला हात लावणार, तर हळूच म्हणाले, "राहू द्या, वहिनी."

मग बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "रेसिंगमध्ये हेही शिकवतात वाटतं?"

"नाही हो. तिथे हळू जाणाऱ्याला घरी पाठवतात." ते समोर बघत होते. "आमच्या हिला, मीनाला, मणक्यात झालं होतं. कॅन्सर. ट्रीटमेंट झाली की मीच घरी आणायचो, त्या आठवड्यात रेस नसली तर. तिने एकदाही दुखतंय म्हटलं नाही. मला वाटायचं, मी गाडी छानच चालवतो. ती गेल्यावर गाडी विकायला काढली, तर तिच्या बाजूच्या हँडलवर, आतल्या मऊ भागात, नखांच्या खुणा. खोल. सगळ्या आतल्या बाजूला, मला दिसणार नाहीत अशा."

एसीचा आवाज येत राहिला.

"त्या सीझनला आमची टीम खूप वर आली होती," ते म्हणाले.

तेवढ्यात आईने डोळे उघडले. तिने बाहेर पाहिलं, मग खांबेट्यांकडे. "आलं का रे घर?"

"आलं, काकू."

"एवढ्यात?" आईने पदर सारखा केला. "इतके दिवस छतच बघत पडले होते. तुला घाई नसेल तर अजून एक चक्कर मार. जरा गाव तरी दिसेल."

खांबेट्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. त्याला बराच वेळ लागला. फाटकात प्रसाद व्हीलचेअर उघडून, हात पुढे करून उभा होता. आम्ही त्याच्या समोरून, न हलता न डुलता, पुढे निघून गेलो.