लुडविकाबाईंची पेंढी

लुडविकाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून हे सगळं रामायण घडलं.

"अहो, पेंढी बांधून ठेवलीय. तेवढ्या त्या पिवळ्या फुलांच्या व्रोतिचच्या चार काड्या बागेतून आणून खोचा आणि चर्चमध्ये या," शेजाऱ्यांच्या मोटारीत बसता बसता त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि वेळेवर या हो!"

मारियामातेचा ऑगस्टमधला सण होता. फादरांनी तीर्थ शिंपडलेली औषधी झाडपाल्याची पेंढी घरोघर मातेच्या तसबिरीमागे वर्षभर टांगायची. लग्न झाल्यापासून बाईंची पेंढी एकदाही चुकली नव्हती.

बाईंचे यजमान झेनोनराव, त्यांचा उभा जन्म जुन्या पोथ्यांतल्या झाडांच्या नावांचा अर्थ लावण्यात गेलेला. वाफ्यापाशी आले आणि थबकले. व्रोतिच, पण कुठल्या शतकातला? पोथी लिहिणाऱ्या एका मठवाशाने हे नाव एका झाडाला दिलंय, दुसऱ्याने भलत्याच! त्यांनी बोगुमिलला फोन लावला. बोगुमिल म्हणजे त्यांचा जुना मित्र, आणि प्रत्येक लेखातला वैरी.

"झेनोन, हात लावू नकोस कशालाही! आलोच मी!"

बोगुमिल कात्री घेऊनच आला. "हा बघ खरा!"

"डोंबलाचा खरा! तो शंभर वर्षांनंतरचा अर्थ!"

"मग हा काप. हाही घे, पुरावा म्हणून."

पुदिना गेला, दवणा गेला, कुंपणापलीकडचं शेजाऱ्यांचंही बरंच काही गेलं. हातात मावेना तेव्हा ढकलगाडी आली. एवढ्यात चर्चची घंटा वाजली आणि दोघे विद्वान गाडी ढकलत धावत सुटले.

पोचले तोवर प्रार्थना संपून चर्च रिकामं झालं होतं. पायरीवर लुडविकाबाई एकट्याच बसल्या होत्या, रिकाम्या हातांनी. त्यांचे डोळे भरून आले होते. झेनोनरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अगं, चुकलो मी," ते धापा टाकत म्हणाले.

फादर कुलूप लावायचे थांबले. गाडीतला भारा बघून त्यांनी तीर्थाचं भांडं परत आणलं. "बरं, यातला व्रोतिच कुठला?"

दोघांनी दोन वेगवेगळ्या झाडांकडे बोट दाखवलं.

बाईंना रडता रडता हसू फुटलं. "फादर, झाडांचं राहू द्या. आधी यांच्यावर शिंपडा."

फादरांनी हात राखला नाही. झेनोनरावांच्या चष्म्यावरून पाणी ओघळलं.

"चला आता घरी," त्यांचा दंड धरून उठत बाई म्हणाल्या, "तुम्हालाच टांगते वर्षभर तसबिरीमागे. म्हणजे हाक मारली की सापडाल तरी!"