देवरेकाकांचा लोड

आमच्या सोसायटीत कुणी नवी वस्तू आणली की लोक पेढे मागतात. देवरेकाका ती वस्तू उलटी करून मागचं स्टिकर वाचतात. चष्मा कपाळावर, नाक स्टिकरला टेकलेलं, आणि मग एकच प्रश्न, "लोड किती?" दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेच्या रुखवतातली इस्त्री त्यांनी अशीच भर पाहुण्यांत उलटी केली होती.

काका मूळचे सटाण्याकडचे. तीस वर्षं वायरमनचं काम करून आता नाशिक रोडला, आमच्या खालच्या घरात एकटे राहतात. मी इथे आले त्याच्या आधीच काकू गेल्या होत्या. जिना चढताना ते प्रत्येकाच्या मीटरच्या पेटीला हाताची पालथी बाजू लावून बघतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. पोरं हसतात. मीही हसायचे.

मागच्या वर्षी मी ज्या शाळेच्या ऑफिसात होते ती शाळा बंद पडली. घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून मी गालिचे आणि सोफे धुण्याचं एक जुनं मशीन विकत घेतलं. चाकांवरची बादलीच म्हणा. गरम पाणी मारते आणि मळासकट परत ओढून घेते. त्याला दोन वायरी होत्या. मी दोन्ही हॉलमधल्या एकाच बोर्डात खोचल्या, बटण दाबलं आणि अख्ख्या हॉलची लाइट गेली.

पाचव्या मिनिटाला काका दारात. रागावले नाहीत. एक वायर मोटारीची, दुसरी पाणी तापवणाऱ्या हीटरची, दोघींचा भार एका लाइनला झेपत नाही म्हणूनच दोन दिल्यात, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. "घरात बोर्ड चार दिसतात ताई, पण मागं लाइन एकच असू शकते. त्या लाइनवर दुसरं काय चालू हाय, ते आधी बघायचं." बघायचं कसं, तर पेटीतला एकेक खटका पाडायचा आणि कुठला बोर्ड बंद पडतो ते शोधायचं.

पहिलं काम देवळाली कॅम्पला मिळालं. त्या सकाळी काका खिशाला टेस्टर लावून न विचारता रिक्षात बसले. मला जरा संकोच वाटला, पण उतरा कसं म्हणणार?

त्या घरात गेल्यावर खटक्यांना हात लावण्याआधी काकांनी घरातल्या बाईंना विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. मागच्या खोलीत त्यांचे सासरे झोपून होते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गादीवर. उशाशी गादीचा छोटा पंप घरघरत होता. काका आत गेले, म्हाताऱ्याला नमस्कार करून पलंगाच्या कडेला बसले. "बाबा, एक मिनिट हा आवाज थांबेल. मी इथंच हाय," म्हणाले आणि त्यांचा हात हातात घेतला. मी बाहेरून एकेक खटका पाडत गेले. तिसऱ्याला हॉलचा बोर्ड आणि पंप एकदमच बंद पडले. मी लगेच खटका वर केला.

मग आम्ही हॉलची लाइन सोडूनच दिली. एक वायर स्वयंपाकघरातून घेतली, दुसरी गिझर बंद करून त्याच्या पॉइंटवरून. तीन तास मी गालिचा धूत होते. विटकरी वाटणारा गालिचा मुळात लाल निघाला, बाई खूश झाल्या. काका सगळा वेळ आतच होते, त्या पंपावर हात ठेवून.

परतताना रिक्षात मशीन आमच्या पायांमध्ये होतं. मी गमतीनं म्हटलं, काका, एका गादीसाठी एवढा पहारा?  काका बाहेर बघत सांगू लागले.

काकूंना दोन वर्षं ऑक्सिजनचं मशीन होतं. थंडीत एका सकाळी काकांनी त्यांच्या अंघोळीसाठी गिझर लावला आणि ते दूध आणायला गेले. गिझर आणि मशीन, दोन्ही एकाच लाइनवर. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं, दोन गोष्टी जास्त झाल्या. परत आले तर खटका पडलेला, मशीन बंद, काकू भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ निळे पडलेले. त्या वाचल्या. पुढे आठ महिने जगल्या.

"लोकांच्या घरचा लोड मी बोटांवर काढायचो," काका म्हणाले. "माझ्या घरचा काढला नाय."

काकू काही बोलल्या का, असं मी विचारलं.

"मला कधीच नाय. आल्यागेल्याला सांगायची, त्या दिवशी अख्ख्या गल्लीची लाइट गेली होती. मी तिथंच बसलेला असायचो. मी पण कधी म्हटलं नाय, की नव्हती गेली म्हणून."

रिक्षा आमच्या फाटकाशी येऊन थांबली. काका उतरले नाहीत. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं. मी त्याला खुणेनंच जरा थांबायला सांगितलं, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.