चिंतामणींचं निदान

"अहो, गीझरच्या पाइपातून पाणी ठिबकतंय. प्लंबरला फोन करा," सुनेत्रा म्हणाली.

चिंतामणींनी तिच्याकडे फार मायेनं पाहिलं. आनंदनगरच्या त्यांच्या कारखान्यात त्याच दिवशी 'महिलांचं मानसिक आरोग्य' या विषयावर व्याख्यान झालं होतं. बायका अकराच, म्हणून खुर्च्या भरायला साहेब लोकांना बसवलं होतं. चिंतामणी अर्धा तास जागे होते. तेवढ्यात कानावर पडलेला एक शब्द घेऊन ते बेलवलीला घरी परतले होते.

"तुला सत्तेचाळीस पूर्ण झाली ना? या वयात असं वाटतं. हार्मोन्स!"

"पाणी वाटत नाही हो, पडतं!"

"बघ, चिडलीस. हेच पहिलं लक्षण."

सुनेत्रानं पाइपाखाली मग ठेवला. तासाभरात भरला. तो तिनं चिंतामणींच्या नाकासमोर धरला.

"घामाचा अंदाज येत नाही माणसाला," ते म्हणाले.

"बाबा, मी पण बघितलं. सीरियसली गळतंय," राजसी म्हणाली.

"तू चौदाची. तुझे सुरू झालेत, आईचे संपत आलेत. या घरात नॉर्मल मी एकटाच."

शेवटी सुनेत्रानं स्वतःच कमलेश प्लंबरला बोलावलं. तो आला तेव्हा नेमकी ती भाजी आणायला गेली होती. चिंतामणींनी त्याला दारातूनच परत पाठवलं. तिनं पुन्हा फोन केला तर कमलेश हळू आवाजात म्हणाला, "भाभी, टेन्शन नका घेऊ. साहेब बोलले, काय लीकेज नाय, तुमची तब्येत जरा डाऊन आहे. आराम करा."

त्या दिवशी सुनेत्रानं पोळपाट इतक्या जोरात आपटला की चिंतामणींनी व्याख्यानात मिळालेलं माहितीपत्रक काढून 'चिडचिड'खाली पेनानं रेघ मारली.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी चिंतामणी डोक्याला साबण लावून उभे असताना पाइप निखळला. कडकडीत पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर आदळला. "सुनेत्रा! कॉक! कॉक कुठंय?" असं ओरडत, टॉवेल सावरत ते बाहेर आले, तोवर पाणी हॉलमध्ये त्यांच्या पुढे पोचलं होतं.

खालचे नरेंद्र धावत वर आले. "ओ साहेब, माझ्या बेडवर पाऊस पडतोय! किर्ती कधीपासून बोलतेय तुम्हाला, छताला ओल आलीय!"

"वहिनी बोलल्या होत्या खऱ्या..."

"आणि तुम्ही काय बोललात तिला? वय झालं की बायकांना असं होतं! साहेब, ती एकतीसची आहे! ते ऐकून मी हसलो, तर चार दिवस झाले, माझ्याशी बोलत नाय ती!"

सुनेत्रा हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून हसली. आणि हसता हसता त्या पाण्यात खाली बसून रडू लागली. ते रडणं काही थांबेना. नरेंद्र निमूट खाली गेले. साबण डोळ्यांत जात असतानाही चिंतामणी तिच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांना निदान सुचेना.

सोमवारी रजा टाकून ते तिला डॉक्टर संजीवनींकडे घेऊन गेले.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ महिने," सुनेत्रा म्हणाली. "पहाटे तीनला जाग येते. गाऊन भिजलेला, छाती धडधडत असते. राजसीवर उगाच ओरडते, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते. आपलं डोकं फिरतंय की काय, असं वाटतं."

चिंतामणींना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते खुर्चीच्या कडेला सरकले.

"डोकं ठिकाणावर आहे तुमचं. पाळी जाण्याआधीच्या काळात हे होतं आणि त्यावर उपचार आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "हार्मोन्स वर-खाली होतात."

चिंतामणींचा चेहरा उजळला. "बघा! तीन आठवडे मी हेच सांगतोय हिला!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"अर्थात!"

"मग तेव्हाच का नाही आणलंत?"

चिंतामणींनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. मग पुन्हा तिरका केला.

सुनेत्रा खुर्चीत आरामात मागे टेकली.

"सांगा हो," ती म्हणाली. "अजिबात न चिडता ऐकते."