प्रतिक्षाच्या डोक्याचा तपास

रिमोटचे सेल माझ्या शर्टाच्या खिशात.

सासूबाईंची बामची डबी कपाटात, कुलूप लावून.

प्रतिक्षाचे मोकळे केस. शाळेत त्यावरून बोलणी.

कढीपत्त्याला आलेली दांडगी पालवी.

तर ऐका. जवाहरनगरच्या कारखान्यात मी सुरक्षा विभागात आहे. आमच्याकडे काही बिघडलं की आधी सगळं बंद करायचं, मग एकेक सुरू करून बघायचं. कारण सापडतंच. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर सहावीतल्या आमच्या प्रतिक्षाचं डोकं रोज संध्याकाळी दुखायला लागलं, तेव्हा मी बायकोला, रुचिताला, ऐटीत म्हणालो, "डॉक्टर कायले? मी आहो ना."

टीव्ही बंद. मोबाइल बंद. सायकल, घट्ट वेण्या, बाम, फोडणीचा ठसका, सगळं बंद.

"आता पोरगीच बंद करा," रुचिता म्हणाली.

लाखांदूरहून मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "जवाईबापू, मले बी कुलुपात ठेवता काय?"

मग एकेक सुरू केलं. रविवारी टीव्ही लावला आणि डोकं दुखलंच नाही! निष्कर्ष उघड होता: टीव्ही हेच औषध. सोमवारी पोरीला शाळेआधी धरून टीव्हीसमोर बसवलं. संध्याकाळी ती कपाळ दाबत आली आणि रिकाम्या पोत्यासारखी कोपऱ्यात पडली.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. माझ्याही मनात आलं, मेंदूत काही असलं तर?

भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "सकाळी उलटी होते? दुखण्याने झोपमोड होते?"

"नाही," मी.

"नाही जी," सासूबाई.

"मी प्रतिक्षाला विचारते आहे."

बाईंनी डोळे पाहिले, रक्तदाब पाहिला, तिला सरळ रेषेत चालवलं. "घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पाणी पितेस का ग?"

"शाळेत नाही पीत. काहून का तिथं..."

"सापडलं!" मी टेबलावर थाप मारली.

त्याच संध्याकाळी गॅसच्या सिलिंडरएवढी बाटली आणली. बाटली रोज रिकामी परत येऊ लागली. डोकं मात्र दुखण्याने भरलेलंच. शेवटी वर्गशिक्षिकेचा फोन आला, "तुमची मुलगी झाडांना फार जपते हो. रोज अख्खी बाटली ओतते. कढीपत्ता पाहा एकदा येऊन."

मी प्रतिक्षाला समोर बसवलं. "काहून पीत नाहीस बेटा? सरबत भरून देऊ? बाटलीचा रंग नाही आवडला?"

तिने आईकडे पाहिलं, मग फरशीकडे. "काही नाही बाबा. राहू द्या."

"पोरीले बोलू तर द्या," रुचिता म्हणाली.

"बोलूनच राहिली ना ते!" मी म्हणालो आणि डोकं धरून बसलो. माझी अक्कल संपली होती. उद्यापासून सगळं पुन्हा बंद करायचं, एवढंच ठरवलं आहे. बाटलीसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच दिवशी मुलींच्या संडासाची कडी तुटली होती. ती अजून कोणी बसवलेली नाही.