बत्तीस खिशायचे ठवकरसाहेब

डोक्यावर साड्यायचा गठ्ठा घेऊन मी जिना चढून राहिलो होतो, तेवढ्यात वरून आवाज आला, "थांब. हालू नको."

मी थांबलो. मले वाटलं साप-बिप असन.

"उजव्या खिशात काय हाये?"

"बिड्या."

"डाव्या?"

"माचिस. साहेब, गठ्ठा जड..."

"कुठून आला? कोनं पाठवलं? इथून पुढे कुठे जानार?"

मी सगळं सांगतलं. मंग म्हने, "आता एक पाऊल. एकच." मी एक पायरी चढलो. "सांग, काय बदललं?"

"मान मोडली, साहेब."

हे आमचे ठवकरसाहेब. नागपूरच्या गांधीबागेत खाली आमच्या मालकाचं साड्यायचं गोदाम, अन् वरच्या मजल्यावर साहेबाची एक खोली. चालत्या मानसाले मधातच थांबवायची त्यायले सवयच होती. पोस्टमनले थांबवत, दूधवाल्याले थांबवत. म्हनत, "धावत्या गोष्टीचं काही समजत नाही गा. थांबवली की समजते." लगन झालं नव्हतं. मी एकदा ईचारलं, काहून? तर म्हने, "मुलगी पाहाले गेलो होतो. ते पोहे घेऊन येत होती, मी मधातच थांबवलं. पोहे बी सांडले अन् सोयरीक बी."

साहेबाचं काम डीबगर बनवायचं. मी पयल्यानदा आयकलं तेव्हा मले फवारनीचं औषध वाटलं, मी म्हनलं माह्या कुहीच्या साळ्याले एक डबा द्या, धानावर किडे पडले हायेत. साहेब हासले नाहीत. त्यायनं मले बसवून समजावलं. चालता प्रोग्राम मधात थांबवून त्याचे खिसे तपासते, तो डीबगर. प्रोसेसरले खिसे असतेत. जुन्या जातीच्याले सोळा. आता नव्या जातीचा आला, त्याले बत्तीस. अन् डीबगर शिकलेला सोळावर, म्हनून नव्या मशीनवर तो भलत्याच खिशात हात घालते. त्याले हे बत्तीस खिसे शिकवायचे.

"त्यातला एक खिसा कायमचा रिकामा," साहेब म्हने. "काहीबी टाक, शून्यच निंगते."

"तो माहा असन," मी म्हनलं.

तेव्हा हासले. मले वाटते, त्या वर्षात तेवढंच.

कारन साहेबाले शुगर होती. उजवा डोळा गेलाच होता. डाव्याचं डॉक्टरनं सांगतलं, दिवाळी पाहीन, पुढचं सांगता येत नाही. कंपनीनं आधीच घरी बसवलं होतं. तरी साहेब हे काम करून राहिले होते, ते रामटेकच्या रस्त्यावर आंधळ्या लोकायचं एक वसतिगृह हाये, त्याच्यासाठी. तिथे कोन्या दानशूरानं कम्प्युटर दिले, पन दिले नव्या जातीचे. पडद्यावरचं वाचून दाखवनारा प्रोग्राम त्यायच्यावर सुरू होते, दोन शब्द बोलते, अन् मरते. काहून मरते, हे पाहाले डीबगर पायजे. अन् डीबगरच अडानी. ते वसतिगृह सांभाळनाऱ्या मावशीले साहेबानं शब्द दिला होता, डोळा हाये तोवर मशीन बोलती करून देतो.

"दुसऱ्या कोनाले सांगा न, साहेब."

"सांगतलं. ते म्हनतेत, त्या मशीनवर लोकच किती हायेत."

पडद्यावरचे अक्षरं धूसर व्हायले लागले तेव्हा एक दिवस साहेबानं मले जिन्यावर थांबवलं. या खेपेले खिसे नाही ईचारले.

"इंग्रजी येते का गा तुले?"

"एफपर्यंत."

"म्हंजे?"

"पाचवीत इंग्रजी सुरू झालं, साहेब. एफपर्यंत आलं, अन् मी पळालो."

साहेबानं माहा हात धरला. "पुढचं लागतच नाही. शून्य ते नऊ, अन् ए ते एफ. खिशात एवढंच असते."

जल्मात पयल्यानदा माहं शिक्षन पुरलं. घरी बायकोले सांगतलं, मी आता कम्प्युटरचं काम करतो. ते म्हने, कम्प्युटर उचलून कुठे नेता?

दुपारी दोन ते चार गोदामात सामसूम. मी वर जायचो अन् वाचायचो. "दहावा खिसा. सात, एफ, एफ, तीन, ए, शून्य..." साहेब डोळे मिटून आयकत, बोटं कीबोर्डवर. "आता एक पाऊल. काय बदललं?" मी पुन्हा वाचायचो. रामटेकले पारायन आयकनारे भगत पाह्यले मी, पन एवढं ध्यान देऊन आयकनारा मानूस नाही पाह्यला.

आता माहं पाप सांगतो. माहेच डोळे खराब होते. चष्म्याचा नंबर कधीचा लागलेला, पन हमालाले चष्मा कशाले, लोक हासतीन, म्हनून मी बनवलाच नाही. साहेबानं डोळे म्हनून ठेवलेला मानूस, अन् त्याचेच डोळे अधू. मले आठ अन् बी सारखेच दिसत. जिथे शंका आली, तिथे मी बी म्हनायचो. बी म्हनलं की जरा शिकल्यासारखं वाटे.

सतरा दिवस साहेब भलत्याच खिशात चूक शोधत राहिले. सकाळी बसत, जेवन विसरत. मी रोज जाऊन मोठ्या आवाजात बी वाचायचो.

सोळाव्या दुपारी साहेब म्हने, "लाइट गेली का गा?"

पडदा चालू होता. बल्ब बी जळून राहिला होता. मले काय सुचावं, मी म्हनलं, "हो साहेब. गेली."

साहेबानं मान वर केली. मंग म्हने, "मंग पंखा कोन फिरवून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी मी गोदामातल्या मुनीमजीचा चष्मा मागून नेला. नाकावर ठेवला अन् पडद्यावर पाह्यलं तर जागोजागी आठ. पळायचं मनात आलं, पाचवीसारखं. पन साहेब कीबोर्डवर बोटं ठेवून वाट पाहत होते. मी सांगून टाकलं. मारा साहेब, म्हनलं.

साहेबानं ईचारलं, "कोन्या खिशात? कधीपासून?" मी सांगत गेलो, ते टाइप करत गेले. संध्याकाळपर्यंत चूक सापडली. डीबगर दोन खिसे उलटे वाचत होता.

"साहेब, तुमचे सतरा दिवस..."

"पडनारा प्रोग्राम सापडते गा. चुकीचं करत चालत राहते, तो सापडत नाही. तू पडला. बरं झालं."

डोळा तसाबी जानारच होता, हे त्यायनंच मले सांगतलं. पन ते सतरा दिवस त्यायले दुसरं काही पाहायचं असन, त्याचं काय? हे ईचाराले माहं तोंड झालं नाही. अजून बी नाही.

पुढे आठ-दहा दिवसात वाचनारा प्रोग्राम बी दुरुस्त झाला. बाईच्या आवाजात बोलला, शेवटपर्यंत बोलला, मेला नाही. साहेबानं आवाजाकडे तोंड केलं. पडदा दुसऱ्या बाजूले होता.

दिवाळीच्या आधी आमी टेम्पोनं वसतिगृहात गेलो. मी साहेबाचं मशीन खाली आनलं, अन् एक लोखंडी पेटी.

"यात काय हाये, साहेब?"

"वायरी."

तिथे मशीनी बोलायले लागल्या तसे सगळे जमा झाले. एक म्हातारा खुर्चीवर बसून आयकत होता. म्हने, "हे बाई कुठली व्हय?"

दुसरा म्हने, "नागपूरची नसन. मधात बोलू देते."

हासू मिटलं, तशी मावशी पुढे आली. "साहेब, तुमची खाट खिडकीपाशी लावली. चालन न?"

"खिडकीची हवा म्हाताऱ्यायले द्या वं मावशी. मले भिंतीपाशी, बटनाच्या बोर्डाजवळ. मशीन लावता येईन."

वीस वर्षं मी डोक्यावर कपडा वाहून राहिलो. गठ्ठा डोक्यावर आला की आत सुती हाये का नायलॉन, न सोडता सांगतो. अन् ते पेटी मी सोताच्या हातानं जिन्यावरून उतरवली, टेम्पोत चढवली, अन् मले त्यात वायरीच वाटल्या.

मी खाटेपाशी पेटी ठेवली, उघडली. चार शर्ट. दोन पायजमे. एक चादर. चादरीत गुंडाळलेले दोन कप.

"दोन काहून, साहेब?"

साहेब हातानं भिंत चाचपत बोर्ड शोधून राहिले होते.

"नागपूरहून येनारी रामटेकची बस इथे फाटकासमोरच थांबते गा," म्हने.